‘बरी झाली’ या निष्कर्षाचा अर्थ : मूत्र-असंयमविषयक चिकित्सालयीन संशोधनाच्या निकषांची समीक्षा

प्रास्ताविक

काही आजारांचे अस्तित्व रुग्णाच्या शब्दावर अवलंबून नसते. अस्थिभंग क्ष-किरण चित्रात दिसतो, मधुमेह रक्तशर्करेच्या आकड्यात उतरतो, क्षयरोगाचे जंतू थुंकीत सापडतात. मूत्र-असंयम, म्हणजे इच्छेविरुद्ध लघवी गळणे, हा आजार या पंक्तीत बसत नाही. खोकताना, शिंकताना, पाण्याचा हंडा उचलताना थेंब गळतात. किंवा अनावर घाई होऊन स्वच्छतागृह गाठण्यापूर्वीच लघवी होते. पहिल्या प्रकारास ताणजन्य, दुसऱ्यास तातडीजन्य आणि दोन्ही एकत्र असल्यास मिश्र असंयम म्हणतात. तपासणीच्या टेबलावर यांपैकी काही घडेलच असे नाही. स्त्री सांगते तेव्हा आजाराची नोंद होते. ती गप्प राहिली, तर आकडेवारीच्या लेखी ती निरोगी असते. आणि या विषयात गप्प राहण्याचाच प्रघात मोठा आहे.

या कारणाने प्रस्तुत क्षेत्रात संशोधनाच्या निकषांना एरवीपेक्षा अधिक वजन प्राप्त होते. आजाराची व्याख्या, प्रश्नाची शब्दरचना, ‘बरे होणे’ कशाला म्हणावयाचे याचा आधी केलेला निर्णय आणि मध्येच सुटून गेलेल्या रुग्णांचा हिशेब, या चार ठिकाणी सैलपणा आला की निष्कर्ष हवा तसा वळविता येतो. तो वळविणारा लबाडच असतो असे नाही. पुष्कळदा तो प्रामाणिक असतो, आणि म्हणूनच त्याची चूक अधिक काळ टिकते.

व्याख्या आणि रुग्णसंख्या

इंटरनॅशनल कॉन्टिनन्स सोसायटी या संस्थेने १९८८ साली प्रमाणित केलेल्या परिभाषेत असंयमाच्या व्याख्येला दोन अटी जोडलेल्या होत्या. गळणारी लघवी ही सामाजिक किंवा स्वच्छतेची समस्या ठरली पाहिजे आणि ती वस्तुनिष्ठ रीतीने दाखविता आली पाहिजे. २००२ साली याच संस्थेने ही व्याख्या बदलली. नव्या व्याख्येनुसार अनैच्छिक मूत्रगळतीची कोणतीही तक्रार म्हणजे मूत्र-असंयम होय. जुन्या व्याख्येत साक्ष यंत्राची होती, नव्या व्याख्येत ती रुग्णाची झाली. हा बदल योग्यच होता. परंतु त्याचा परिणाम असा की, २००२ पूर्वीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवून ‘आजार वाढला’ असे म्हणणे अशास्त्रीय ठरते.

स्त्रियांमधील असंयमाच्या प्रमाणाविषयी प्रकाशित झालेले आकडे सुमारे ५ टक्क्यांपासून ७० टक्क्यांपर्यंत पसरलेले आहेत. बहुसंख्य अभ्यास २५ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान येतात. एवढी तफावत देशोदेशींच्या शरीररचनेतील फरकामुळे संभवत नाही. एका अभ्यासात ‘कधीही एक थेंब’ मोजलेला असतो, दुसऱ्यात ‘आठवड्यातून निदान एकदा’, तिसऱ्यात ‘गेल्या महिन्यात’. प्रबंधांच्या प्रास्ताविकात मात्र हे आकडे एकाच वाक्यात, स्वल्पविरामांनी जोडून दिले जातात आणि त्यांच्यामागील प्रश्न कोणता होता याचा उल्लेखही नसतो. प्राध्यापकवर्गाने विद्यार्थ्यांचे काम तपासताना पहिली खूण येथेच करावयास हवी.

इन्सब्रुकचे प्रकरण

निकष सैल असल्यास काय होऊ शकते याचे सर्वांत गाजलेले उदाहरण ऑस्ट्रियातील आहे. ३० जून २००७ च्या ‘द लॅन्सेट’मध्ये इन्सब्रुक येथील संशोधकांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. ताणजन्य असंयम असलेल्या ६३ स्त्रियांची यादृच्छिक विभागणी करण्यात आली होती. ४२ जणींना त्यांच्याच स्नायूंतून वाढविलेल्या पेशींची टोचणी अल्ट्रासाउंडच्या मार्गदर्शनाखाली दिली आणि २१ जणींना दुर्बिणीतून कोलॅजेनची. बारा महिन्यांनंतर पेशी-गटातील ४२ पैकी ३८ स्त्रिया पूर्णतः कोरड्या असल्याचे सांगण्यात आले; कोलॅजेन-गटात अशा स्त्रिया २१ पैकी केवळ २ होत्या.

सप्टेंबर २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने हा निबंध मागे घेतला. ऑस्ट्रियातील शासकीय तपासणीत नैतिक समितीची वैध मान्यता, रुग्णांची संमती आणि कागदपत्रांची विश्वासार्हता यांवर गंभीर आक्षेप नोंदविले गेले होते. निबंधात वर्णिलेली चाचणी तशा स्वरूपात झाली होती काय, इथवर शंका गेली. एवढे होऊनही मधल्या सव्वा वर्षात जगभरच्या वैद्यकांनी तो निबंध वाचला, उद्धृत केला आणि रुग्णांना आशा दाखविली.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न असा की, फसवणुकीचा संशय बाजूला ठेवून केवळ निबंध वाचणाऱ्यास काही खटकावयास हवे होते काय? निश्चितच. दोन्ही गटांत टोचलेला पदार्थ वेगळा होताच, शिवाय टोचण्याची रीतही वेगळी होती. म्हणजे तुलना पेशी आणि कोलॅजेन यांची राहिली नाही, दोन संपूर्ण कार्यपद्धतींची झाली. रीत भिन्न असल्याने उपचार करणाऱ्यास गट ठाऊक असणे अटळ होते. कोलॅजेनचा निष्कर्ष तर इतर प्रकाशित अभ्यासांच्या मानाने विलक्षण वाईट होता. एखादा उपचार फार उजळ दिसतो तेव्हा त्याच्या शेजारचा उपचार फार काळा रंगविलेला नाही ना, हे पाहण्याची सवय समीक्षकाने लावून घ्यावयास हवी.

पुढे २०१८ साली अमेरिकेतील संशोधकांनी स्नायूजन्य पेशींचीच, परंतु दुहेरी-अंध आणि छद्म-उपचाराशी तुलना करणारी चाचणी प्रसिद्ध केली. तिच्यात २४६ स्त्रिया घ्यावयाच्या होत्या; १५० वरच नोंदणी थांबविण्यात आली. कारण छद्म-उपचार मिळालेल्या स्त्रियांमध्येही मुख्य निकषानुसार सुधारणा दिसण्याचे प्रमाण अनपेक्षितपणे मोठे निघाले. सुधारणेचा उंबरठा पुरेसा खाली ठेवला, तर लक्ष देणे, विचारपूस करणे आणि नोंदवही लिहावयास लावणे एवढ्यानेही पुष्कळ जणी तो ओलांडतात. या संशोधकांनी तो निष्कर्ष लपविला नाही ही गोष्ट त्यांच्या पदरी जमा करावी लागेल.

भारतात या प्रकरणाचे महत्त्व दूरचे नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तविषयक मान्य विकारांतील मूलपेशी-प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा अन्य कोणताही वापर प्रायोगिक मानावयाचा असतो. तो नोंदणीकृत चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. ‘तुमच्याच पेशींनी तुमचा आजार बरा’ अशी जाहिरात वाचणाऱ्या रुग्णास हा नियम ठाऊक नसतो. विज्ञान शिकविणाऱ्या प्राध्यापकास तो ठाऊक असावा, एवढी अपेक्षा अवाजवी नाही.

प्रामाणिक संशोधनातील तफावत

फसवणुकीची उदाहरणे लक्ष वेधून घेतात. अधिक शिकविणारी असतात ती प्रामाणिक संशोधनाची. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. ६५५ स्त्रियांमध्ये दोन शस्त्रक्रियांची तुलना होती. एक म्हणजे जॉन बर्च यांनी १९६१ साली वर्णिलेली टाके घालून आधार देण्याची पद्धत आणि दुसरी रुग्णाच्याच शरीरातील पटलाची स्लिंग. दोन वर्षांनंतरचे यश दोन प्रकारे मोजण्यात आले. केवळ ताणजन्य असंयमाचा विचार केला, तर स्लिंगचे यश ६६ टक्के आणि बर्च पद्धतीचे ४९ टक्के होते. पॅड-चाचणी निर्दोष, तीन दिवसांच्या नोंदवहीत एकही गळती नाही, खोकल्याच्या चाचणीत गळती नाही, रुग्णाची स्वतःची तक्रार नाही आणि पुन्हा उपचार घ्यावा लागलेला नाही, अशी एकत्रित कसोटी लावली, तेव्हा हेच आकडे ४७ आणि ३८ झाले.

रुग्ण त्याच, शल्यचिकित्सक तेच, शस्त्रक्रियाही त्याच. यश ६६ टक्के की ४७ टक्के हे ठरले ते शब्दाच्या अर्थावरून. या संशोधकांनी दोन्ही अर्थ आधी जाहीर केले आणि दोन्ही आकडे छापले. स्लिंगमुळे मूत्रसंसर्ग, लघवी होण्यास अडचण आणि तातडीजन्य असंयम यांचे प्रमाण अधिक होते हेही लिहिले. जुन्या शल्यचिकित्सकांच्या निबंधांत ८५-९० टक्के यश वाचण्याची सवय झालेल्यांना ३८ हा आकडा लाजिरवाणा वाटेल. वस्तुतः तोच विश्वसनीय आहे.

ब्रिटन व आयर्लंडमधील १४ केंद्रांत ३४४ स्त्रियांवर झालेल्या आणि २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत टेप व बर्च पद्धतीची वस्तुनिष्ठ यशस्विता अनुक्रमे ६६ आणि ५७ टक्के होती. येथे एक निराळा पेच उद्भवला. ज्यांच्या वाट्याला मोठी शस्त्रक्रिया आली, त्यांतील अधिक स्त्रियांनी शस्त्रक्रियेपूर्वीच माघार घेतली. त्यांना अपयशी धरावयाचे, वगळावयाचे की पूर्वस्थितीत मानावयाचे? प्रत्येक निवडीने तुलना सरकते. या चाचणीच्या संशोधकांपैकी पॉल हिल्टन यांनी त्याच वर्षी यावर स्वतंत्र लेख लिहिला आणि लुई कॅरोलच्या हम्प्टी डम्प्टीची आठवण काढली. आपण शब्द वापरला की त्याचा अर्थ आपण ठरवू तोच, असा त्या पात्राचा बाणा. ‘बरे होणे’ या शब्दाशी शल्यचिकित्सक तसेच वागतात, हा त्यांचा रोख होता. स्वतःच्याच चाचणीला ही कसोटी लावण्याचा असा मोकळेपणा भारतीय नियतकालिकांत क्वचितच आढळतो.

जाळीचा धडा

कृत्रिम जाळीच्या इतिहासाचा येथे थोडक्यात उल्लेख पुरे. टेपच्या शस्त्रक्रियेला अमेरिकेत १९९८ साली बाजारात येण्याची परवानगी मिळाली ती आधीच्या ‘प्रोटेजेन’ स्लिंगशी असलेल्या साम्याच्या आधारावर. आणि ते ‘प्रोटेजेन’ १९९९ साली दोषांमुळे बाजारातून परत घेण्यात आले. टेपच्या बाजूने पुढे भक्कम चाचण्या झाल्या हे खरे. परंतु अंग बाहेर येण्याच्या विकारासाठी योनिमार्गे बसविल्या जाणाऱ्या जाळ्यांबाबत पुरावा मागाहून आणि अपुरा आला. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने योनीच्या पुढील भित्तीसाठीच्या अशा जाळ्यांची विक्री थांबविण्याचा आदेश दिला. इंग्लंडमध्ये बॅरोनेस कम्बरलेज यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०२० साली सादर केलेल्या अहवालातील मुख्य ठपका असा होता की, वेदना सांगणाऱ्या स्त्रियांचे ऐकून घेतले गेले नाही. चाचण्यांनी लघवी गळते की नाही हे मोजले. बसताना, चालताना, शरीरसंबंधात दुखते काय, हे पुष्कळ चाचण्यांच्या कोष्टकात नव्हते. जे कोष्टकात नसते ते निष्कर्षात येत नाही.

महाराष्ट्रातील दोन नोंदी

स्त्रियांनी न सांगितलेले आजार घरोघर जाऊन शोधण्याचा मानदंड महाराष्ट्रातच घातला गेलेला आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. दोन गावांतील ६५० स्त्रियांची त्यात तपासणी करण्यात आली. ५५ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक तक्रारी होत्या. ९२ टक्के स्त्रियांत एक किंवा अधिक स्त्रीरोग अथवा लैंगिक रोग आढळले. प्रत्येकीमागे सरासरी ३.६ रोग होते. आणि यापूर्वी स्त्रीरोग-तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. रुग्णालयात आलेल्यांवरून समाजाचे अनुमान काढण्याची सवय या अभ्यासाने मोडली.

मात्र या अभ्यासाचे पुढे जे झाले तेही समीक्षेस पात्र आहे. ९२ हा आकडा एकटा प्रवास करीत राहिला. भाषणांत, अहवालांत, प्रबंधांत तो सर्वत्र भेटतो. त्याच्या शेजारचा ५५ मागे राहिला. वस्तुतः या दोन आकड्यांमधील अंतर हाच त्या निबंधाचा सर्वांत अर्थपूर्ण भाग होय. तक्रार आणि तपासणीत आढळणारा रोग या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि कोणती मोजली हे सांगितल्याखेरीज टक्केवारीला अर्थ नाही. असंयमाच्या बाबतीत तर तक्रार हीच व्याख्या असल्याने गडचिरोलीची पद्धत जशीच्या तशी उचलूनही चालणार नाही. तपासणीपेक्षा तेथे विचारण्याच्या कलेचे महत्त्व अधिक आहे. डॉ. राणी बंग यांच्या ‘कानोसा’ या पुस्तकाचे शीर्षक या संदर्भात पद्धतिशास्त्राचे सूत्र म्हणूनही वाचता येईल.

दुसरी नोंद बीड जिल्ह्यातील. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण प्रचंड असल्याचे उघड झाल्यानंतर २०१९ साली राज्य शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. आता या आकड्याशेजारी स्वीडनमधील एक अभ्यास ठेवावा. २००७ सालच्या ‘लॅन्सेट’मधील या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या १,६५,२६० स्त्रियांची तुलना न काढलेल्या ४,७९,५०६ स्त्रियांशी करण्यात आली आणि पहिल्या गटात ताणजन्य असंयमासाठी पुढे शस्त्रक्रिया करावी लागण्याचा धोका सुमारे २.४ पट निघाला. स्वीडनला हे शक्य झाले ते राष्ट्रीय नोंदवह्यांमुळे. परंतु तेथे मोजले गेले ते ‘शस्त्रक्रिया झाली’ एवढेच. बीडमधील स्त्रीला असंयम झाला तरी ती त्यासाठी शस्त्रक्रिया करून घेईल याची शक्यता किती? स्वीडनचा निकष येथे लावला, तर आजार जवळजवळ नाहीच असा निष्कर्ष निघेल. निकष आयात करताना त्याच्यामागील आरोग्यव्यवस्थाही आयात करता येत नाही, ही साधी गोष्ट अनेक प्रबंधांत नजरेआड होते.

वसई-विरारमध्ये विचारावयाचा प्रश्न

२०११ च्या जनगणनेनुसार १२ लाखांवर लोकसंख्या असलेल्या वसई-विरार महानगरात अशी पाहणी हाती घ्यावयाची झाली, तर निकषांचा प्रश्न पहिल्याच पानावर उभा राहतो, आणि तो भाषेचा असतो. ‘मूत्र-असंयम’ ही परिभाषा कोशासाठी ठीक आहे. परंतु मराठीत ‘संयम’ हा शब्द नैतिक आहे. संयम सुटणे हा दोष मानला जातो, आजार नव्हे. वयस्क स्त्रीला ‘आपणांस असंयमाचा त्रास आहे काय’ असे विचारणे म्हणजे तिच्या वर्तनाविषयी विचारल्यासारखे होते. ‘अंगावरून जाते काय’ असे सौम्य शब्दांत विचारले, तर उत्तर श्वेतप्रदराविषयी येते. ‘उन्हाळी लागते’ असे ती सांगते तेव्हा तिला जळजळ अभिप्रेत असते. ती नोंद असंयमाच्या रकान्यात गेली तर आकडा फुगतो. ‘खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना नकळत लघवी सुटते का’ असे सरळ विचारणेच भाग आहे, आणि तेही घरातील पुरुष व सासू समोर नसताना.

अनुवादित प्रश्नावलीची उलट अनुवादाने तपासणी करावी असा संकेत आहे. त्याची मर्यादा येथे स्पष्ट होते. ‘मूत्र-असंयम’ या शब्दाचा उलट अनुवाद तंतोतंत मूळ इंग्रजी संज्ञेचाच येईल. कसोटी उत्तीर्ण होईल आणि प्रश्न मात्र कोणासही कळलेला नसेल. म्हणून दहा-वीस स्त्रियांकडून ‘या प्रश्नावरून तुम्हाला काय समजले’ हे वदवून घेणे अपरिहार्य होय. वसईत तर ‘मराठी प्रश्नावली’ हा शब्दप्रयोगही पुरेसा नाही. सामवेदी म्हणजे कुपारी, वाडवळी, आगरी, मांगेली, वारली या बोली येथे नांदतात. नालासोपारा-विरारच्या चाळींत हिंदी, भोजपुरी, गुजराती ऐकू येते. प्रमाण मराठीतील एकच छापील कागद घेऊन निघालेली पाहणी कोणाचे ऐकते आणि कोणाला गाळते, हे पद्धतीच्या विभागात लिहिले गेले पाहिजे.

जगभर वापरली जाणारी संक्षिप्त प्रश्नावली एकूण २१ गुणांची आहे. लघवी किती वेळा गळते यासाठी ० ते ५, किती गळते यासाठी ० ते ६ आणि दैनंदिन जीवनात किती बाधा येते यासाठी ० ते १०. म्हणजे जवळजवळ निम्मे वजन ‘बाधा’ या प्रश्नाला आहे. आता वसईच्या बागायती पट्ट्यातून भाजी, फुले वा मासळी घेऊन पहाटेच्या लोकलने मुंबई गाठणाऱ्या विक्रेत्या स्त्रीचा विचार करावा. दिवसभर स्वच्छतागृह मिळण्याची शाश्वती नसल्याने ती पाणीच कमी पिते, साडीत कापडाची घडी ठेवते. तिने आपले आयुष्य आजाराभोवती इतके बेतून घेतलेले असते की ‘बाधा किती’ या प्रश्नाला ती दोन किंवा तीन असेच उत्तर देईल. प्रश्नावलीच्या हिशेबात तिचा आजार सौम्य ठरेल. मुंबईत २०११ पासून चाललेल्या ‘राइट टू पी’ चळवळीने स्वच्छतागृहांचा प्रश्न नागरी हक्क म्हणून मांडला; संशोधनाच्या दृष्टीने तो मापनाचाही प्रश्न आहे. पाणी किती पिता, आणि कमी पीत असल्यास का, हे विचारल्याशिवाय येथील गुणसंख्या युरोपातील गुणसंख्येशी ताडून पाहता येणार नाही.

वस्तुनिष्ठ म्हणविल्या जाणाऱ्या मापनाचेही तसेच. एक तासाच्या पॅड-चाचणीत अर्धा लिटर पाणी पिऊन चालणे, जिना चढणे, उठबस करणे, खोकणे, जागच्या जागी धावणे, वाकणे, हात धुणे अशा क्रिया करावयाच्या असतात. शेवटी पॅडचे वजन एक ग्रॅमपेक्षा अधिक वाढल्यास चाचणी सकारात्मक मानतात. हा एक ग्रॅम सोडलेला आहे तो घाम आणि स्राव यांच्यासाठी. मे महिन्यात, पंखा बंद पडलेल्या वसईतील एखाद्या आरोग्यकेंद्रात जिना चढून धावणाऱ्या स्त्रीचा घाम एका ग्रॅमात मावेल असे गृहीत धरणे धाडसाचे ठरेल. ऋतू आणि खोलीचे तापमान नोंदविणे ही अशा ठिकाणी किरकोळ बाब राहत नाही. तीन दिवसांच्या नोंदवहीसाठी साक्षरता लागते, घड्याळ लागते आणि घरात एकांत लागतो; चित्रखुणांची वही हा त्यावर उपाय आहे, परंतु तीही आधी तपासून घ्यावी लागते.

महाविद्यालयीन संशोधनापुढील अटी

‘ही तर साधी प्रश्नावली आहे, औषध थोडेच देतो’ असे म्हणून नैतिक मान्यतेस बगल देण्याची प्रवृत्ती महाविद्यालयीन पातळीवर आढळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनी आरोग्यविषयक सामाजिक व वर्तनशास्त्रीय संशोधनही आपल्या कक्षेत घेतलेले आहे. २०१९ च्या नियमांनुसार जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन तपासणाऱ्या नैतिक समितीची आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी आवश्यक आहे. कटितळाच्या स्नायूंचा व्यायाम शिकवून त्याचा परिणाम मोजावयाचा असेल, तर तो हस्तक्षेपच होय. अशा अभ्यासाची भारतीय चिकित्सा चाचणी नोंदवहीत पूर्वनोंदणी करावयास हवी. ही नोंदवही जुलै २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून तेथे चाचणी सुरू झाल्यानंतरची नोंदणी स्वीकारली जात नाही. आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली प्रसिद्ध केलेला हा व्यायाम आज पहिला उपचार म्हणून मान्य आहे, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. तो येथील स्त्रियांकडून घरी, गर्दीच्या दिवसात, कितपत केला जातो हा वसईसारख्या ठिकाणच्या महाविद्यालयाला झेपणारा आणि खरोखर उपयुक्त असा संशोधनप्रश्न होय. पेशींच्या टोचणीची चर्चा करण्यापेक्षा तो अधिक तातडीचा आहे.

प्रकाशनाच्या सक्तीने या सर्वांवर पाणी पडते हे नाकारून चालणार नाही. २०१० पासून शोधनिबंधांना गुण मिळू लागले तेव्हा नियतकालिके पावसाळी छत्र्यांप्रमाणे उगवली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तत्कालीन यादीची छाननी केली, तेव्हा विद्यापीठांनी सुचविलेल्या आणि तपासलेल्या नियतकालिकांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट असल्याचे त्यांना आढळले. पुढे आलेली ‘केअर’ यादीही २०२५ मध्ये आयोगाने बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. यादी नसताना समीक्षकाचे काम वाढते. त्याने लेखकाला विचारावयाचा पहिला प्रश्न संदर्भसूचीच्या मांडणीविषयी नसावा. किती स्त्रियांना विचारले, किती जणी नाही म्हणाल्या, किती जणी दुसऱ्या वेळी भेटल्याच नाहीत आणि त्यांना कोणत्या रकान्यात टाकले, हे त्याने आधी विचारावे.

पालघर जिल्ह्यात या शेवटच्या प्रश्नाचे स्वरूप फार मूर्त आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या तालुक्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वसई-भिवंडीकडील वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात व पावसाच्या तोंडाशी परततात. ऑक्टोबरमध्ये पाड्यावर नाव नोंदवून एप्रिलमध्ये पाठपुरावा ठेवला, तर ज्या स्त्रिया डोक्यावर विटा वाहतात, म्हणजे ज्यांना ताणजन्य गळतीचा धोका अधिक, नेमक्या त्याच अनुपस्थित असतील. घरी सापडलेल्या म्हाताऱ्या आणि बाळंतिणी यांच्या उत्तरांवर टक्केवारी निघेल. यावर उपाय अवघड नाही, परंतु तो संगणकाच्या आज्ञावलीत सापडत नाही. नावनोंदणी आषाढात करावी, पहिला पाठपुरावा घटस्थापनेच्या सुमारास घ्यावा, आणि दुसऱ्या पाठपुराव्यासाठी आशा कार्यकर्तीला सोबत घेऊन भट्टीवरच जावे.